मनाली-लेह हा रेसचा ट्रॅक नाही

आज सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी मोठ्या कौतुकाने एक रील टाकलं. मनाली ते लेह, एका दमात, एका दिवसात! खाली नुसता बदामांचा पाऊस. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

अरे, कसलं कौतुक? बारालाचा, नकी ला, लाचुंग ला, तंगलंग ला. चार खिंडी आहेत त्या वाटेवर. तंगलंग ला ५,३२८ मीटरवर, तिथे श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. डोकं ठणकतं, मळमळतं, साधा अंदाज चुकतो. तशा अवस्थेत हे स्टिअरिंग धरणार आणि वर पराक्रम म्हणून मिरवणार.

सरचू सोडलं की गाटा लूप्स लागतात, २१ वळणांचा चढ. आम्ही त्या वाटेने गेलो तेव्हा स्टिअरिंगवर मी होते. पुढे माल भरलेला ट्रक पहिल्या गिअरवर कण्हत चढत होता. वरून एक एसयूव्ही सुसाट आली, खिडकीतून मोबाईल धरलेला हात बाहेर. ट्रकवाल्याला ऐन वळणावर ब्रेक मारावा लागला आणि ट्रक मागे सरकायला लागला. आमच्याकडे. क्लीनरने खाली उडी टाकली आणि मागच्या चाकाखाली दगड सारला. मिसरूड फुटलेलं पोरगं ते! एसयूव्ही तोवर कधीच पसार.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा शिष्टाचार नाही, नियम आहे. विरळ हवेत इंजिनाची ताकद आधीच घटलेली असते. चढावर थांबलेला भरला ट्रक पुन्हा उचलणं म्हणजे काय, हे त्या पोराला विचारा.

हो, अटल बोगदा झाला, ९.०२ किलोमीटरचा, आणि रोहतांग खिंडीचा फेरा वाचला. बोगद्यापलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या लोकांना हिवाळ्यात दवाखाना गाठता येतो. मान्य. पण तो तुमच्या विक्रमासाठी खणला नव्हता.

आणि बोगद्यापुढचा रस्ता? दर उन्हाळ्यात तो बर्फाखालून उकरून काढावा लागतो. झारखंडहून आलेली माणसं, बायासुद्धा, त्या उंचीवर खडी फोडतात, डांबराचा धूर गिळतात. यांच्या अंगावर धुरळा उडवत जाताना काच खाली करून नमस्कार तरी करावा की नाही? आम्ही करायचो. ते हसून हात हलवायचे. इतकी थकलेली माणसं इतकं छान हसतात, अजून आठवतं.

तो क्लीनरही तसाच. दगड लावून झाल्यावर आमच्या काचेपाशी आला, धापा टाकत, आणि विचारलं, "दीदी, सब ठीक?" जीव त्याचाही गेला असता.

यंदा तुमच्यापैकी बरेच जण निघालाय, म्हणून सांगते. वाटेतल्या जिस्पा गावात एक मुक्काम जास्त करा, अंगाला उंचीची सवय होऊ द्या. उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडू नका, खालच्या गिअरमध्येच ठेवा. आणि खालून ट्रक चढताना दिसला तर वरच रुंद जागा बघून थांबा, त्याला थांबायला लावू नका.