पायलटच्या माथी मारून कसं चालेल?

लग्नसराईत निफाड-दिंडोरीकडे नवरदेव हेलिकॉप्टरने उतरतात, हे आता नवीन राहिलेलं नाही. पुढे २०२७ चा सिंहस्थ आहे. अशात सोसायटीच्या ग्रुपवर आणि नात्यातल्या दोन ग्रुपवर एकच मेसेज आला: ‘हेलिकॉप्टर कंपनी फक्त मशीन भाड्याने देते. उडवायचं की नाही ते पायलट ठरवतो. डीजीसीएचं सर्टिफिकेट असलं की कंपनीचं काम संपलं. बाकी हवामान आणि नशीब.’ (डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा.) ओझरला विमानांच्या देखभालीत माझी हयात गेली. हे वाचून गप्प बसवेना.

‘फक्त मशीन भाड्याने देते.’ लग्नाला किंवा देवदर्शनाला आपण घेतो ते चार्टर. त्यात पायलट कंपनीचा, इंजिनियर कंपनीचा, ड्युटी लावणारीही कंपनीच. नुसतं विमान तासावर भाड्याने देण्याची पद्धत अमेरिकेत भरपूर आहे. तिथेही विमान उडण्यायोग्य ठेवण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मालकावर किंवा चालवणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. विमान आणि ते उडवायला शिकवणारा शिक्षक दोन्ही एकच संस्था पैसे घेऊन पुरवत असेल, तर दर १०० तासांनी तपासणी सक्तीची आहे.

याचं कारण साधं आहे. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबकी प्लग असतो. असे प्लग काढून पांढऱ्या फडक्यावर पुसायचे आणि उजेडात धरायचे, हे काम मी वर्षानुवर्षं केलं. काळपट भुकटी निघाली तर सहसा काळजी नसते. पण नखाच्या कडेसारखा चमकणारा तुकडा निघाला, तर आत कुठलं तरी बेअरिंग किंवा गिअरचा दात सोलला जातोय. मग मशीन हँगरमध्येच थांबलं पाहिजे. उड्डाणाआधी भोवती फेरी मारणाऱ्या पायलटला हा तुकडा दिसत नाही. त्याला दिसतो टेक लॉग, म्हणजे मशीनच्या बिघाड-दुरुस्तीची नोंदवही. ‘उद्या बुकिंग आहे, स्नॅग (बिघाड) लिहू नका’ असं ऑफिसातून सांगितलं गेलं, तर तो वाचणार काय?

‘पायलट ठरवतो.’ शेवटचा शब्द त्याचा, हे खरंच आहे. पण तो ज्या व्यवस्थेत ठरवतो, ती कंपनीचीच असते. २६ जानेवारी २०२० ला लॉस अँजेलिसजवळ अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर पडलं, ९ जण गेले. पायलट ढगात शिरला आणि त्याचं दिशेचं भान हरपलं, हे कारण तपासात आलंच. पण कंपनीची स्वतःच्या सुरक्षा-व्यवस्थेवरची देखरेख अपुरी होती, हेही अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवलं गेलं. त्या कंपनीला ढगातून उड्डाणाची परवानगीच नव्हती.

माझ्या भाचीच्या लग्नात, मे महिन्यात, भर दुपारी, पायलटने एक माणूस आणि दोन बॅगा कमी करायला सांगितल्या. बरोबरच होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, त्यात चाळिशीचं ऊन. हवा विरळ झाली की तेच मशीन कमी वजन उचलतं. कंपनीचा माणूस मात्र फोनवर म्हणत होता, “सर, पार्टी नाराज होईल, ॲडजस्ट करा ना.” पायलट बधला नाही. त्या मुलाचे हात थरथरत होते, ते मी पाहिलेत.

सर्टिफिकेटचं थोडक्यात सांगतो. परवाना घेतानाच कंपनीला एक ‘अकाउंटेबल मॅनेजर’, म्हणजे कंपनीच्या वतीने जबाबदार धरला जाणारा माणूस, नेमावा लागतो. काम कागदावर संपत असतं, तर त्या माणसाची गरजच काय होती?

आणि नशीब. १५ जून २०२५ ला पहाटे केदारनाथहून परतताना हेलिकॉप्टर पडलं. ७ जण गेले, त्यात महाराष्ट्रातलं एक कुटुंब होतं, लहान लेकरासह. हवामान खराब असताना, ठरवून दिलेल्या वेळेआधीच उड्डाण केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी कंपनीच्या व्यवस्थापकांवर गुन्हा नोंदवला. कोर्टात काय ठरेल ते ठरेल. पण हवा खराब असताना हेलिकॉप्टर जमिनीवर ठेवता येतं, आणि तो निर्णय नशीब घेत नाही.

बुकिंग करताना भाव सगळेच विचारतात. त्याबरोबर दोन गोष्टी लेखी मागा: ऐनवेळी पायलट ‘नाही’ म्हणाला तर आमचे पैसे परत मिळणार का, आणि त्या दिवसाचा त्याचा पगार कापला जाणार का.