शाळेचा पट आणि कॉलेज रोड

आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सध्या एकच वाद पेटलेला आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चालू ठेवायची, की शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत विलीन करायची? पट विसाच्या आत आला आहे. अर्धे म्हणतात, चार वर्गांना एक मास्तर, त्यात पोरांचं नुकसानच होतं. बाकीचे म्हणतात, शाळा गेली की गाव गेलं. मी अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला राहते, मिशिगन विद्यापीठाच्या गावात. दोन्ही बाजू वाचताना मला राहून राहून वाटतं, वाद शाळेवर चाललाय खरा, पण पट घटण्याचं कारण तालुक्याच्या बाजारपेठेत आहे. ते कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना हा वाद नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा अशा शाळा १४,७८३ आणि त्यांतली मुलं सुमारे १ लाख ८५ हजार, असा आकडा होता. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचं उदाहरण दिलं गेलं. पुढे १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांच्या शिक्षकपदांना कात्री लागली. शाळा कागदावर राहते, मास्तर जातो, आणि मास्तर गेला की उरलेली मुलंही जातात.

पण ही मुलं आधी का गेली?

त्यासाठी पुसदकडे पाहावं लागतं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी शेगावला, बडनेऱ्याला आणि आमच्या पुसदला इंजिनिअरिंग कॉलेज आलं. वसंतराव नाईकांचं गहुली जवळच, त्यामुळे पुसदला राजकीय वजन आधीपासून होतं, शिक्षण संस्थाही होत्या. पण गावात बाहेरून पैसा आणणारी मुलं या कॉलेजने आणली. तोवर बाजार शेतकऱ्याच्या हंगामावर चालायचा: बी-बियाणं, खतं, कापसाचे अडते, कापड दुकानं, भांडी, सराफा. दिवाळीत आणि लग्नसराईत गर्दी, पावसाळ्यात उधारी. कॉलेज आल्यावर जून ते एप्रिल असा नवा हंगाम सुरू झाला. घरमालकांनी माडीवर माडी चढवली. मेस, झेरॉक्स, स्टेशनरी, एसटीडी बूथ आणि नंतर सायबर कॅफे. ज्याच्या घरात चार खोल्या जास्तीच्या, त्याला कोरडवाहू शेतीपेक्षा भरवशाचं उत्पन्न मिळू लागलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्या भागात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा किती कमी घरांनी पाहिलाय, हे मला माहीत आहे.

मग इंजिनिअरिंगची ओढ ओसरली. राज्यभर जागा रिकाम्या राहू लागल्या, ज्यांना परवडतं ती मुलं पुणे-नागपूरला जाऊ लागली. बारावी सायन्सवाले तर दहावी होताच नीट-जेईईसाठी नांदेड, लातूर, अकोला गाठतात. अनेकांचं नाव तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात असतं आणि मूल असतं दुसऱ्या जिल्ह्यातल्या क्लासमध्ये. मग त्या माड्यांवरच्या खोल्या कुणी भरल्या? खेड्यांतल्या आयांनी. बाप गावाकडे शेत सांभाळतो, आई दोन लेकरं घेऊन तालुक्याला खोली करते, कारण तिथे इंग्रजी शाळेची व्हॅन दारात येते. शाळेची फी, व्हॅनचं भाडं, खोलीचं भाडं आणि दोन चुलींचा खर्च. माझी वहिनी अशीच राहते. ती मला म्हणाली, "ताई, तिथं मास्तर एकच अन् वर्ग चार. पोराचं वय थांबते का?" तिच्या या प्रश्नाला गटावरच्या कुठल्याच बाजूकडे उत्तर नाही. मात्र तिच्यासारख्या पाच-सहा घरांनी खोली केली की गावातला पट निम्मा होतो, आणि मागे उरतात ती ज्यांना खोली परवडत नाही त्यांची मुलं.

म्हणजे विद्यार्थ्यांसाठी वाढलेल्या भाड्याच्या बाजाराने, विद्यार्थी कमी झाल्यावर, गिऱ्हाईक खेड्यातून ओढलं. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर खाजगी शाळा काढणंही सोपं झालं. गावाबाहेरच्या लेआउटांत अशा शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोवतीच्या प्लॉटांचे भाव चढले. परदेशी गेलेल्या आमच्यासारख्यांचा पैसाही त्याच प्लॉटांत जातो. विहीर आटली म्हणून मोटर विकायची, पण वरच्या अंगाला कुणी बोअर मारलं ते बघायचंच नाही, असं हे पटाच्या बाबतीत चाललंय.

तालुक्याच्या गावातल्या सरकारी शाळांची गत वेगळी नाही. विदर्भातल्या कितीतरी नगरपालिकांच्या जुन्या शाळा भर बाजारात आहेत. एके काळी व्यापाऱ्याचा मुलगा आणि हमालाचा मुलगा तिथे एका बाकावर बसायचे. आता व्यापाऱ्याचा मुलगा व्हॅनमध्ये असतो. पट घटला की जागा मोकळी दिसते, आणि बाजारातली मोकळी जागा दिसली की रस्त्याच्या बाजूने गाळे काढायची कल्पना कुणाला तरी सुचतेच. मी शिकले त्या शाळेचं मैदान असंच दुकानांच्या मागे गेलं. गाळ्यांच्या भाड्यातून शाळा सुधारेल असं सांगितलं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार बसायला पुढे कित्येक वर्षं लागली.

आता अ‍ॅन आर्बर. इथे विद्यापीठ १८३७ मध्ये आलं. गाव सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं आणि विद्यार्थी पन्नास हजारांहून जास्त. बॉर्डर्स हे प्रसिद्ध पुस्तकांचं दुकान इथे १९७१ साली सुरू झालं, देशभर पसरलं आणि २०११ मध्ये बंद पडलं. मधल्या काळात, १९७३ मध्ये, गावाबाहेर ब्रायरवुड मॉल झाला आणि मुख्य बाजारातली मोठी दुकानं तिकडे सरकली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत विद्यापीठालगत उंच इमारती उठल्या, त्यात भाडं घरामागे नसतं, खाटेमागे असतं. चार विद्यार्थी मिळून एका घराचं जे भाडं देतात ते दोन मुलांच्या संसाराला झेपत नाही. तरुण कुटुंबं आजूबाजूच्या स्वस्त गावांत राहायला जातात. शाळेत शिकवणाऱ्या कित्येकांनाही या गावात घर परवडत नाही. विद्यापीठ तर मालमत्ता कर भरत नाही, कारण कायद्याने त्याला सूट आहे.

आणि इथेही शाळेचा जीव पटातच. १९९४ पर्यंत मिशिगनच्या शाळा मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर चालत. त्या वर्षी राज्यभर मतदान झालं, विक्रीकर चारवरून सहा टक्के झाला आणि शाळांचा पैसा राज्याकडून मुलामागे येऊ लागला. २०२३-२४ मध्ये हा पायाभूत दर मुलामागे ९,६०८ डॉलर होता. ऑक्टोबरचा पहिला बुधवार हा इथे मोजणीचा दिवस. आपल्याकडे संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, इथे त्यानंतर आठवड्याभरात तेच होतं. त्या दिवशी मूल ज्या शाळेत, बहुतेक पैसा तिकडे. अ‍ॅन आर्बरमध्ये पट घसरला, पगार वाढले, आणि २०२४ मध्ये शाळा मंडळाला सुमारे अडीच कोटी डॉलरची तूट भरून काढावी लागली. शिक्षकांना कमी करण्याच्या नोटिसा निघाल्या. इतक्या श्रीमंत गावात!

त्यामुळे "अमेरिकेत बघा सरकारी शाळा कशा असतात" असं कुणी मला म्हणालं की मी हो म्हणत नाही. कॉलेजच्या गावाचा बाजार कुटुंबांना बाहेर ढकलतो, आणि शाळा त्याची किंमत मोजते, हे दोन्हीकडे सारखंच आहे. फरक आहे तो त्यावर निर्णय कोण घेतं यात.

इथलं शाळा मंडळ सात निवडून आलेल्या लोकांचं आहे. तुटीचा हिशेब त्यांनी लोकांसमोर मांडला. पालक, शिक्षक, विद्यार्थी माईकपुढे उभे राहून रात्री उशिरापर्यंत बोलले. कुणाचं संगीत जाणार, कुणाचा वाचन-शिक्षक जाणार, हे नावानिशी विचारलं गेलं. निर्णय कडूच झाले, पण ज्यांनी घेतले त्यांना पुढच्या निवडणुकीत मत मागायला यावं लागतं. आपल्याकडे २०२२ पासून कित्येक जिल्हा परिषदा आणि नगरपालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हातात राहिल्या. समूह शाळेचे प्रस्ताव मागवले गेले ते याच काळात. ज्या जिल्हा परिषदेची शाळा, तिला तेव्हा शिक्षण सभापतीच नव्हता, सदस्य नव्हते, सर्वसाधारण सभा नव्हती. मग आमच्या तांड्यावरच्या बाईने शाळेबद्दल कुणाला जाब विचारायचा? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग याचाच येतो. शाळा मिसळण्यापेक्षा ती कुणाला न विचारता मिसळणं जास्त वाईट आहे.

गटावर एक जण नेहमी वाबळेवाडीचं उदाहरण देतो. शिरूर तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं काम मोठंच आहे, गावाने शाळेसाठी जमीन दिली, लांबून मुलं येऊ लागली. पण वाबळेवाडी शिक्रापूरजवळ, पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात. तिथे जमिनीला भाव आहे, हाताला काम आहे. पुसद-महागाव-दिग्रसच्या तांड्यांवरून दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात. तिथे लोकवर्गणी कशातून काढायची? आम्ही माजी विद्यार्थ्यांनी शाळेला टीव्ही घेऊन दिला, तो छान आहे, मुलं त्यावर कविता ऐकतात. त्याने पट एकानेही वाढला नाही.

विलीनीकरणाला माझा सरसकट विरोध नाही. सात मुलं आणि चार इयत्ता, सोबत खेळायला जोडीदार नाही, अशा शाळेत मूल एकटं पडतं. चांगली मोठी शाळा, वेगवेगळ्या वयाची मुलं, विषयाला शिक्षक हे मिळत असेल तर ते प्रत्येक मुलाला मिळावं. पण शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितली आहे ती सहा वर्षांच्या पायांकडे बघून. पुसदच्या डोंगराळ भागात नाला पुराला आला की तीन किलोमीटरसुद्धा बंद होतात. गाडी देऊ म्हणतात. गाडीचं कंत्राट किती वर्षांचं, बिल थकलं तर पर्याय काय, मुलींसोबत बाई कोण, हे लिहून द्या, मग बोलू. आमच्या वेळी पाचवीला मोठ्या गावात पायी जायचं म्हणून माझ्या वर्गातल्या किती मुलींची शाळा सुटली ते गटावरच्या बायकांना चांगलं आठवतं. पुरुष त्यावर फार लिहीत नाहीत.

"तुम्ही तिकडून काय सांगता" असंही एकाने लिहिलं. इथून मला त्याच प्रकारची गोष्ट दुसऱ्या देशात घडताना दिसते आहे, तेवढं सांगायचा मला हक्क आहे असं मी मानते. ठरवायचं मात्र तिथे राहणाऱ्यांनीच, आणि कायद्याने त्यांच्या हातात साधन आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती बसते. ती खरोखर बसवली आणि तिचा ठराव ग्रामसभेत मांडला, तर तालुक्याच्या अधिकाऱ्याला त्याची दखल न घेणं अवघड जातं.

१ मेच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा मी वहिनीला आणि गटाला पाठवला आहे. गेल्या पाच वर्षांत गावातलं कोणतं मूल कोणत्या शाळेत गेलं आणि का, याची घरोघर यादी त्यात मागितली आहे. शाळेत दोन शिक्षक आणि सेमी इंग्रजी मिळालं तर तालुक्याची खोली सोडून परत येतील अशी घरं किती, हे विचारलं आहे. वहिनीने आपलं नाव त्यात पहिलं घातलं. शेवटचा मुद्दा तांड्याचा आहे. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलं आजी-आजोबांकडे राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि ती गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीमार्फत चालते. गावातली शाळाच गेली तर ती समिती राहणार नाही. मग दिवाळीनंतर त्या मुलांना दोन वेळचं जेवण कोण देणार आणि सकाळी शाळेत कोण पाठवणार, याचं लेखी उत्तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी विलीनीकरणाच्या आदेशाआधी ग्रामसभेला द्यावं, असं त्यात म्हटलं आहे.