ट्रेनरला एलेरॉन: ‘काठ कापा, सर्वो चिकटवा’ एवढ्यानं भागत नाही

रेडिओनं उडवायच्या मॉडेल विमानांबद्दलचा एक सल्ला: ‘तीन चॅनलच्या ट्रेनरला एलेरॉन लावा, विमान स्थिर होतं, शिकणं सोपं जातं. पंखाचा मागचा काठ कापायचा, नऊ ग्रॅमचे दोन सर्वो चिकटवायचे, वाय-केबल जोडायची, अर्ध्या तासाचं काम. एलेरॉन जितके मोठे तितका ताबा जास्त. मग रडरची गरजच नाही.’ हा मोबाइलवर सारखा फिरतो. ट्रेनर म्हणजे शिकाऊंचं विमान. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या काठाची हलती पट्टी, रडर म्हणजे शेपटीची उभी हलती पट्टी, सर्वो म्हणजे त्या हलवणारी छोटी मोटर. चॅनल म्हणजे रेडिओवरून वेगळा देता येणारा एकेक हुकूम, वाय-केबल म्हणजे एका चॅनलला दोन सर्वो जोडणारी वायर. त्यातला सर्वोंचा आकडा तेवढा बरोबर आहे.

हिशेबाला १२०० मिमी लांब, २०० मिमी रुंद पंखाचं, ७०० ग्रॅमचं फोमचं विमान धरू.

‘विमान स्थिर होतं.’ उलट आहे. ट्रेनरचे पंख टोकाकडे उचललेले असतात, तो डायहेड्रल. रेडिओची स्टिक (दांडी) सोडली की विमान हळूहळू सरळ होतं ते त्याच्यामुळे. एलेरॉन फक्त पंख कलवतात. डायहेड्रल कमी केलेलं विमान स्टिक सोडल्यावरही कललेलंच राहतं, परत सरळ करायचं काम हाताचं.

‘काठ कापला की झालं.’ खरी गफलत इथे आहे. जुना पंख तसाच ठेवून उजवीकडे स्टिक दिली, तर उजवा एलेरॉन वर जातो आणि डावा खाली. खाली गेलेला डावा हवेत जास्त अडतो, नाक डावीकडे ओढलं जातं, म्हणजे वारा उजवीकडून लागतो. मोठा डायहेड्रल असला की उजव्या पंखाला मग जास्त उचल मिळते आणि तो वर येतो. एलेरॉन उजवीकडे कलवतोय, डायहेड्रल डावीकडे. विमान डुलतं, वळत नाही.

म्हणून आधी डायहेड्रल उतरवायचा. पंखाचा एक अर्धा टेबलावर सपाट दाबून धरा आणि दुसऱ्याचं टोक किती वर आहे ते मोजा. दोन्ही बाजूंना ८ अंश असतील तर ते सुमारे १६५ मिमी भरतं. ३ अंशांवर आणायचं तर ६३ मिमी. त्यासाठी मधला जोड कापून नवीन कोनाचा ३ मिमी प्लायचा तुकडा बसवावा लागतो, एपॉक्सीनं, वरून फायबर टेप. हॉट ग्लूवर हा जोड सोडू नये: मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडतो आणि पहिल्याच जोरदार वळणात पंख मधून दुमडतो.

काठ कापल्यावर फोमचा पंख पीळही घेऊ लागतो. आत कणा नसेल तर ६ मिमी कार्बन नळी घाला. बांबूची कामटी चालते, पण वाळलेली आणि सरळ. सर्वोचा खड्डा कण्याच्या मागे काढायचा, कण्यातून नाही.

‘मोठे एलेरॉन, जास्त ताबा.’ टोकाकडे २५० मिमी लांब, ५० मिमी रुंद एवढे पुरे. त्याहून मोठ्याला नऊ ग्रॅमच्या सर्वोचे प्लास्टिकचे दाते आणि सैल रॉड (सर्वोपासून एलेरॉनपर्यंतची तार) पुरे पडत नाहीत, वेग वाढला की एलेरॉन फडफडतो. बिजागरी वरून टेपची केली तर खालची कड ४५ अंशांत तासायची, नाहीतर एलेरॉन खाली जातच नाही. रॉडला १.२ मिमीची पियानो वायर बरी. सायकलचा आरा फुकट मिळतो, पण जाड असतो आणि सर्वोच्या भुजेचं भोक फाडतो.

‘वाय-केबल जोडली की काम संपलं.’ दोन्ही सर्वो आरशातल्यासारखे समोरासमोर बसले तरच एलेरॉन उलटसुलट हलतात. एकाच दिशेनं बसवले तर दोन्ही एकदम खाली येतात. भुजा लावण्याआधी रेडिओ चालू करून स्टिक आणि ट्रिम (स्टिकचा मध्य सरकवणारं बटण) मध्यावर आणायची. वर जाणं खाली जाण्यापेक्षा जास्त हवं: वर १२ मिमी, खाली ६. दोन वेगळे चॅनल असतील तर हे रेडिओतूनच होतं. वाय-केबलवर सर्वो आणि हॉर्न (एलेरॉनवरचा खुंट, ज्याला रॉड जोडतो) पंखाखाली असतील, तर मध्यावर असताना भुजा पुढच्या काठाकडे २० ते ३० अंश झुकवून लावा. पूर्ण दुप्पट फरक पडत नाही, पण नाकाची ओढ बरीच कमी होते.

‘रडर नको.’ हवाच. तीन चॅनलमध्ये रडर बहुधा पहिल्या चॅनलवर, उजव्या स्टिकला असतो. एलेरॉन आले की त्याची वायर चौथ्यावर न्यायची. मोड २ मध्ये, म्हणजे थ्रॉटल डाव्या स्टिकला असलेल्या रेडिओत, तो डाव्या हाताला येतो. उतरताना वेग कमी असतो. तेव्हा डावा पंख खाली गेला म्हणून एलेरॉननं उचलायला गेलं, की तोच एलेरॉन खाली जातो, त्या पंखाचा वाऱ्याशी कोन वाढतो आणि तो स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते. धुऱ्याजवळ पोहोचलेलं विमान गिरकी घेऊन पऱ्हाटीत शिरतं ते असं. तिथे रडरनंच सांभाळायचं.

या सल्ल्याला विरोध करणारे ‘वजन वाढेल’ म्हणतात, तेही नेम चुकलेलं. सर्वो, वायर, हॉर्न मिळून ३० ग्रॅम. स्टॉलचा वेग त्यानं जेमतेम २ टक्के वाढतो, सीजी (तोलाचा बिंदू) २ मिमीच्या आत मागे सरकतो. डिसेंबरातल्या १२ अंशांच्या सकाळपेक्षा मेमधल्या ४५ अंशांच्या दुपारी हवा दहा टक्के विरळ असते, त्यानंच तो वेग साडेपाच टक्के वाढतो. मे महिन्यात वावरात विमान ‘पटकन पडतं’ त्याला सर्वो जबाबदार नाहीत. आडव्या वाऱ्यात कमी डायहेड्रलचा फायदा होतो, तेवढं मात्र मान्य.

मूळ पंख कापूच नका. त्याच मापाचा दुसरा बांधा, एलेरॉनचा. नवख्यानं जुन्या पंखावर उडवावं, हात बसला की पंख धरून ठेवणारे रबरबँड सोडून नवीन चढवावा. प्रत्येक अदलाबदलीनंतर विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. आणि रडरची वायर कोणत्या चॅनलवर आहे ते बघायचं. रबरबँड आठ, शेवटचे दोन एकमेकांवर तिरपे. उन्हानं चीर पडलेला एकही ठेवायचा नाही.