आत्याच्या जगात हेक्साक्वार्क नाही

गेल्या रविवारी सांगलीला आत्याकडे गेलो, तर ओट्यावर शुगरच्या गोळ्यांची स्ट्रिप पडलेली. पंधरापैकी अकरा गोळ्या जागच्या जागी. माझ्या हिशोबाने एव्हाना ती संपायला हवी होती. विचारलं तर म्हणाली, "अरे, आता जग येतोय ना. मग हळूहळू सुटतातच गोळ्या." जग म्हणजे पाण्याचा जग. किंमत चौदा हजार, अर्धे पैसे भरून मोकळी झालेली.

या पाण्याच्या जगाचा मूळ मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तिघांनी वेगवेगळा टाकला होता, त्यातला एक इंजिनिअर आहे. त्यात चार मुद्दे. एक, जर्मनीत शास्त्रज्ञांना सहा क्वार्कचा (अणूच्या केंद्रातल्या अतिसूक्ष्म कणांचा) 'हेक्साक्वार्क' सापडला. दोन, विश्वातलं डार्क मॅटर (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) म्हणजे हाच कण. तीन, ही गोष्ट दडपून ठेवली आहे, कारण हा कण पृथ्वी गिळू शकतो. चार, 'हेक्सा' म्हणजे सहा, म्हणून षटकोनी रचनेच्या पाण्यात हीच ऊर्जा असते, रोज दोन लिटर प्यायलं की मधुमेह आटोक्यात येतो, आणि जगासाठी खालच्या नंबरवर संपर्क करा.

चौथ्यापासूनच सुरू करतो, कारण पैसे आणि गोळ्या तिथेच अडकल्यात.

क्वार्क असतात प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या पोटात, प्रत्येकात तीन. पाण्याची रचना म्हणजे पाण्याचे रेणू एकमेकांना कसे धरून बसतात ते. या दोन मापांत लाख पटीहून जास्त फरक आहे. सहा हा आकडा सोडला तर दोघांचं काहीही नातं नाही. आकड्यावरूनच नाती जुळवायची तर प्रत्येक षटकारातून हेक्साक्वार्क निघायला हवा.

बरं, षटकोनी रचनेचं पाणी नसतंच का? असतं. त्याला बर्फ म्हणतात. फ्रीजरमधल्या ट्रेमध्ये तयार होतो, चौदा हजार लागत नाहीत. द्रव पाण्यात रेणूंचे हात सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपासच्या काळात सुटतात आणि दुसऱ्याला धरतात. जगातून पेल्यात ओतेपर्यंत कुठली रचना टिकणार? पोटात गेल्यावरचं तर सोडाच.

आता त्या पाण्यात म्हणे 'हेक्साक्वार्कची ऊर्जा'. इथे माझ्याकडे एकच आधार आहे, पण तो पक्का आहे, आणि गंमत म्हणजे मेसेजवाल्यानेही त्याचाच हवाला दिलाय, न वाचता. 2011 साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये जर्मनीतल्या युलिशच्या 'कोझी' त्वरकावर (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर) काम करणाऱ्या 'वासा' गटाने शोधनिबंध छापला. त्यांना जे दिसलं त्याचं वस्तुमान साधारण 2370 एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), म्हणजे प्रोटॉनच्या अडीच पट, आणि आलेखातल्या त्याच्या उंचवट्याची रुंदी सुमारे 70 एमईव्ही. ही रुंदी म्हणजेच आयुष्याचा हिशोब. रुंदी जितकी जास्त तितका कण अल्पायुषी. 70 एमईव्हीचं आयुष्य निघतं सेकंदाच्या दशांश चिन्हानंतर बावीस शून्यं आणि मग एक, इतकं. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा दोन प्रोटॉन शेजारी ठेवले तर जेवढं अंतर होईल, त्याहून फार पुढे जात नाही. आणि हा कण म्हणे कारखान्यातून जगात भरून कुरिअरने सांगलीला येणार.

नुसते सहा क्वार्क एकत्र हवे असतील तर ते आत्याच्या नळालाही येतात. साध्या पाण्यात साडेसहा हजारांच्या आसपास हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, असतो. त्याच्या केंद्रात एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन, म्हणजे सहा क्वार्क. रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना आहे, तिथे हेच ड्युटेरियम वेगळं काढतात. पण त्याला कुणी हेक्साक्वार्क म्हणत नाही, कारण चाळीतल्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांत तीन-तीन माणसं राहावीत तसे ते क्वार्क आपापल्या खोलीत असतात. भौतिकशास्त्रज्ञांना शोध आहे तो सहाही जण एकाच खोलीत असण्याचा.

म्हणून पहिला मुद्दा निम्मा मान्य करावा लागतो, नाइलाजाने. युलिशला काहीतरी दिसलं हे खरं. मोकळा न्यूट्रॉन हातात धरून ठेवता येत नाही, म्हणून ड्युटेरियम गोठवून केसापेक्षा बारीक कण करायचे, ते प्रोटॉनच्या झोतासमोरून टपटप सोडायचे, आणि प्रोटॉन आतल्या न्यूट्रॉनवर आदळला की काय बाहेर पडतं ते पाहायचं. त्यांना हवा होता एक ड्युटेरॉन (ड्युटेरियमचं केंद्र) आणि दोन उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेले, पायॉन नावाचे अल्पायुषी कण. प्रत्येक पायॉनचे लगेच दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, होतात, ते टिपायला भोवती सीझियम आयोडाइडचे हजारावर स्फटिक. असे लाखो टकरींचे हिशोब लावल्यावर आलेखात एक उंचवटा दिसला. 2014 साली न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या वेगळ्या प्रयोगातूनही त्याला पुष्टी मिळाली. या गटाच्या लेखकांत आयआयटी मुंबईचीही माणसं आहेत, हे मात्र फॉरवर्ड करणाऱ्या एकाही मराठी माणसाला सापडलं नाही. फ्रीमन डायसन आणि शुओंग या भौतिकशास्त्रज्ञांनी असा कण असू शकेल असं 1964 मध्येच लिहून ठेवलं होतं. पण तो खरोखर एका खोलीतला सहा जणांचा संसार आहे, की दोन डेल्टा कणांची (प्रोटॉनच्या जड भावंडांची) घटकाभराची जोडी, यावर अजून वाद आहे. त्या उंचवट्यासाठी नवा कण मानायचीच गरज नाही, असंही काही जण म्हणतात.

डार्क मॅटरची गोष्ट हवेतून आलेली नाही, हेही कबूल. यॉर्क विद्यापीठाच्या बाश्कानोव्ह आणि वॉट्स यांनी 2020 मध्ये तशी कल्पना मांडली: विश्वाच्या सुरुवातीला असे असंख्य कण थंड होऊन एकत्र गोळा झाले असतील, आणि एकटा मरणारा कण घोळक्यात टिकला असेल. कल्पना छान आहे. पण असा घोळका कुणालाही दिसलेला नाही. 'असेल का?' या प्रश्नाचं आपल्याकडे येईपर्यंत 'सापडलं!' झालं, एवढंच.

तिसऱ्यावर जास्त वेळ घालवत नाही. सहा क्वार्कचा 'एच' नावाचा कण असावा, असं रॉबर्ट जॅफी यांनी 1977 मध्ये सुचवलं. अमेरिकेत, जपानमध्ये शोधून शोधून माणसं थकली. अशाच सहा क्वार्कच्या, पण टिकाऊ असू शकणाऱ्या कणासाठी अमेरिकेतल्या बाबार या प्रयोगाच्या गटाने वीस कोटींच्या आसपास उप्सायलॉन नावाच्या जड कणांचे विघटन तपासले, काही सापडलं नाही, आणि 'काही सापडलं नाही' हेच 2019 मध्ये छापलं. दडपणारे लोक आपलं अपयश छापत नाहीत. पृथ्वी गिळण्याची भीती 1999 च्या सुमारास अमेरिकेतल्या 'रिक' त्वरकाच्या वेळचीच, आणि तीही हेक्साक्वार्कची नव्हे, स्ट्रेंजलेट (स्ट्रेंज क्वार्क असलेला काल्पनिक गोळा) नावाच्या वेगळ्याच गोष्टीची. तेव्हा याच जॅफींसह चौघांनी अहवाल लिहून दाखवून दिलं की चंद्रावर वैश्विक किरणांच्या अशा टकरी अब्जावधी वर्षं होत आहेत. चंद्र आहे जागेवर.

घरी आल्यावर त्या नंबरवर फोन करून ऑर्डर रद्द करायला सांगितली. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, ही क्वांटम टेक्नॉलॉजी आहे. त्यासाठी थोडं फिजिक्स यायला लागतं." मी तेवीस वर्षं अकरावी-बारावीला तेच शिकवतोय. सात हजार परत मिळणार नाहीत, असंही त्याने सांगितलं.

बुधवारी रात्री आत्याने ग्रुपवर स्ट्रिपचा फोटो टाकला. सात गोळ्या उरल्या होत्या.