आधी चिमटा, मग झाकण

काल तालुक्याच्या पंपावर एक भाऊ मोटरसायकलच्या सीटवर प्लास्टिकची कॅन ठेवून पेट्रोल घेत होता, फवारणीच्या पंपासाठी. मी म्हटलं, "भाऊ, कॅन खाली जमिनीवर ठेवा ना." तर म्हणे, "काहून? सांडून राह्यलं का?" नळी धरलेला पोरगा हसला. दोघांच्या डोक्यावर मोबाईल बंद ठेवायची पाटी होती.

मी काही वर्षं एका लहानशा धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांच्या विमानांत इंधन भरायचो. (गोंदियाजवळचं बिरसी विमानतळ नाही, दुसरीकडे.) तिथं पहिलं काम एकच: तारेचा चिमटा विमानाला लावायचा. मग टाकीचं झाकण, मग नळी. भरून झालं की नळी काढायची, झाकण लावायचं आणि चिमटा सगळ्यात शेवटी.

कारण पेट्रोल नळीतून, त्यातही फिल्टरमधून, वाहताना त्यात स्थिर वीज साठते. विमान रबरी चाकांवर उभं, वीज जमिनीत उतरणार कुठून? तारेनं विमान आणि इंधनाची गाडी विजेच्या हिशेबानं एक होतात, मग दोघांत ठिणगी उडायला फरकच उरत नाही. लहान विमानांचं निळसर पेट्रोल, म्हणजे ॲव्हगॅस, उणे 40 अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा पापडासारखी कोरडी. हिवाळ्यात अंधारात ब्लँकेट ओढलं की चटचट ठिणग्या दिसतात ना, हाताला जाणवणारी तसली एक ठिणगी त्या वाफेला पुरून उरते.

सुरुवातीला मी एकदा चिमटा घाईत रंगवलेल्या भागावर लावला. आमचे उस्ताद आले, चिमट्याखाली नखानं खरवडलं. पांढरा रंग नखात आला. "हे काय हाये? धातू दिसते का तुले?" म्हणाले. रंगातून वीज जात नाही. चिमटा काढून एक्झॉस्टच्या उघड्या धातूवर लावला, तेव्हा कुठे झाकणाला हात लावू दिला. प्लास्टिकचं नरसाळं दिसलं की ते फेकूनच द्यायचे. टेरिकॉटचा शर्ट घालून आलो, तर दिवसभर टाकीजवळ उभं करायचे नाहीत. तेव्हा राग यायचा.

पंपावरही तेच विज्ञान आहे. कॅन जमिनीवर ठेवा, पेट्रोलसाठी बनवलेली असेल तीच घ्या, नळीचं तोंड कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या, धार हळू सोडा. सीटवर किंवा पिकअपच्या प्लास्टिक अंथरलेल्या डाल्यात ठेवली की वीज उतरायला वाट राहत नाही. मोबाईलच्या पाटीवर माझा राग नाही, पण तिच्याखाली हे रोज चालतं आणि कोणी बोलत नाही.

शेवटी त्या पोराला विचारलं, "टँकर खाली करताना अर्थिंगची तार लावतोस ना?"

"लावा लागते."

"मग या कॅनला का नाही?"

"टँकरच्या येळी मालक उभा राह्यते, काका."