घोडा घेऊन नाशिकला यायचंय? हिरवं बघून जागा घेऊ नका

ऑगस्ट आला की मुंबई-पुण्याकडची मंडळी इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जागा बघत फिरतात. भातखाचरं भरलेली, डोंगरावर ढग टेकलेले. दोन घोडे इथेच ठेवायचे, असं गाडीतच ठरतं आणि टोकन देऊन लोक परत जातात. घोडा पाळून खर्च हाताबाहेर जाऊ द्यायचा नसेल तर हे करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. यात हाल माणसाचे कमी आणि जनावराचे जास्त होतात.

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, सिन्नर-येवल्याकडे पाचशे-सहाशे. जिल्हा एकच, पण घोड्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे मुलूख आहेत. थंडीची काळजी नको. निफाडला पारा पाचाच्या खाली गेला तरी अंग कोरडं आणि पोट भरलेलं असेल तर घोडा मजेत राहतो. त्याला ओल सोसत नाही. खूर उचलून पाहा. तळाला मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो. चिखलात आणि ओल्या लिदीत उभं राहून त्याच्या खाचांत काळी, चिकट घाण साठते. खूर साफ करायची आकडी फिरवली की कुजका वास येतो आणि बोटाने दाबलं तर घोडा पाय ओढून घेतो. तोवर दुखणं आतपर्यंत गेलेलं असतं. पाठीवर खपल्या धरतात आणि केसांच्या झुपक्यासकट निघतात. औषधाने बरं होतं, पण जागा ओलीच राहिली तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

चाऱ्याचंही तसंच. पश्चिमेला मुबलक असतो तो भाताचा पेंढा. त्यात सिलिका भरपूर आणि कस कमी. पोट सुटतं, अंग भरत नाही. म्हणजे कडबा पूर्वेकडून गाडी भरून आणायचा आणि जागा स्वस्तात मिळाल्याचा आनंद वाहतुकीत घालवायचा.

हिशोब असा मांडा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो सुका चारा लागतो. नासाडी धरून वर्षाला साडेतीन टन. कामानुसार खुराक दोन किलोपर्यंत, जव, भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा मिळून. वर्षाला सातशे किलो धरा. वर मूठभर मीठ. नालबंद दर सहा-सात आठवड्यांनी, म्हणजे वर्षातून आठ फेऱ्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी घोड्यामागे सव्वा टन चारा मे अखेर छपराखाली, जमिनीपासून वर फळ्यांवर रचलेला हवा. रब्बी ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कडबा स्वस्त असतो. तेव्हाच भरून ठेवला तर वर्ष सुखाचं जातं, जूनमध्ये शोधायला निघालात तर मागेल तो भाव द्यावा लागतो. कुट्टी फार बारीक करू नका, घोडा ती न चावता गिळतो आणि घशात अडकते. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी तर अजिबात घालू नका, ती विषारी असते.

निफाड, लासलगाव, चांदवड या पट्ट्यात चारा-पाणी आहे, पालखेडच्या कालव्याचं आवर्तनही आहे. पण तिथे एका गोष्टीची मला सतत भीती वाटते: कांदा. साठवणीच्या चाळीतून निवडून काढलेला सडका कांदा बांधावर ओतलेला असतो आणि शेजारी प्रेमाने म्हणतो, "घाला की, आमच्या शेळ्या खातात." घोड्याला कांदा विष आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद तपकिरी होते, हिरड्या फिक्या पडतात. हे लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतं, म्हणून कुणाला कांद्याचा संशयही येत नाही. द्राक्षबागेतल्या गवताचंही तेच. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारणीमागून फवारणी चालू असते, तिथलं गवत कापून आणू नका, आणि बागेला अगदी लागून तबेला बांधू नका. नांदूरमध्यमेश्वरचं पाणथळ पक्ष्यांसाठी सोन्यासारखं आहे, पण अशा ओलीशेजारी रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या असतात. सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो तो त्यांच्यामुळेच.

आणखी एक, ही तर कुठेही राहिलात तरी पाळा. कोंबडीखाद्य घोड्याच्या आसपासही ठेवू नका. पोल्ट्रीच्या आणि काही गुरांच्याही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र त्याने निकामी होतं आणि त्यावर उतारा नाही. पोल्ट्रीवाल्याकडून रिकामी पोती आणून त्यात कोंडा भरणारे लोक आहेत. एवढी बचत नको.

मग जायचं कुठे? माझं मत सिन्नर. शहराच्या दक्षिणेला दुबेरे-ठाणगावच्या बाजूला. मुरमाड जमीन, पाणी निचरून जातं, सकाळी पाऊस पडला तर संध्याकाळी घोडा फिरवता येतो. नाशिक फार लांब नाही, संगमनेरकडचा कडबा हाताशी. दुबेरे म्हणजे थोरल्या बाजीरावांचं जन्मगाव, घोड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचं. गिरणारे-गंगापूरचा रस्ता सुंदरच आहे, पण तिथे तुम्ही वाइनरीच्या भावाने जमीन घेता. समृद्धीच्या इंटरचेंजजवळही तेच, आणि २०२७ च्या सिंहस्थामुळे त्र्यंबक रस्त्यावर सध्या सौदा न केलेलाच बरा.

सिन्नरचं दुखणं पाणी, आणि पूर्वेकडे वावी-पाथरेकडे सरकावं तसं ते वाढतं. म्हणून जागा मेमध्ये बघा. विहिरीत दोर सोडून पाणी मोजा, शेजारच्या दोन विहिरींचंही विचारा. पिणं, धुणं धरून घोड्यामागे सत्तर लिटर आणि घरात चार माणसांचे चारशे, म्हणजे दोन घोड्यांसह रोज ५४० लिटर. दहा हजारांचा टँकर अठरा दिवस पुरतो. मार्च ते जून किती टँकर लागतील ते काढा आणि मगच "परवडतं" म्हणा.

कागदपत्रांत सातबाऱ्याचा "इतर हक्क" रकाना आधी वाचा. तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकत तर नाहीच, भाड्यानेही परवानगीशिवाय घेता येत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे "स्वस्तात आहे" म्हणून दाखवतात त्या जमिनींत हे फार निघतं. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विकायला सरकारी बंधन असलेली, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आणि गावनकाशात रस्ता आहे का ते पाहा. चाऱ्याचा ट्रक पायवाटेने येत नाही.

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. त्या वर्षात नालबंद शोधा. लग्नाचे घोडे ठेवणाऱ्यांना विचारलं की सापडतो, पण तुमच्या गावापर्यंत दर दीड महिन्याला येईल का, हे पक्कं करा. डॉक्टरांचंही तसंच. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर गाई-म्हशीत तयार असतात. "पोटशूळ झाला तर रात्री नाकातून नळी घालाल का?" असं थेट विचारा. घोडा उलटी करू शकत नाही, त्यामुळे ती नळीच जीव वाचवते. ऑपरेशनची वेळ आली तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायचं, कसारा घाट उतरून. त्यासाठी बोलावल्यावर येणारा गाडीवाला आधी ठरलेला हवा.

तबेला बारा बाय बाराचा, छप्पर किमान दहा फूट, खाली दगड आणि वर ठोकलेला मुरूम. बिबट्या सिन्नरलाही आहे, त्यामुळे शिंगरू असेल तर रात्री जाळी बंद हवीच. लिदीचा खड्डा विहिरीपासून शंभर फूट लांब. कुजलेली लीद बागायतदार आनंदाने नेतात, बदल्यात चारा मागून पाहा, बहुतेक देतात.

घोडा सगळ्यात शेवटी घ्या. येवल्याच्या बाजारातून घ्या नाहीतर सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून, ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय दावणीला बांधू नका. हा रोग माणसालाही होतो आणि सापडलेल्या घोड्याला मारावंच लागतं. आल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा, बादली आणि खरारा वेगळा, आणि धनुर्वाताची लस पहिल्याच आठवड्यात.