रिकाम्या घराची विद्या

इंटिरियर डिझाइनला ॲडमिशन मिळाली म्हणता? अभिनंदन! घरी कोणीतरी नाक मुरडलं असेलच, "पडदे नि सोफे निवडायला एवढी फी कशाला भरायची?" वाद घालू नका. पडदे आणि सोफे हा विषय अभ्यासक्रमात बराच उशिरा येतो आणि त्या सोफ्यावर बसणारी माणसं हा विषय तर येतच नाही, हे त्यांना अजून ठाऊक नाही. तुम्ही जी विद्या शिकायला निघालात ती मुळात रिकाम्या घराची आहे. एवढं पहिल्याच दिवशी गाठीला बांधलंत तर पुढची वर्षं सुखात जातील.

सुरुवात रेघेपासून होईल. जाड रेघ, बारीक रेघ, तुटक रेघ, आणि दोन रेघा कोपऱ्यात भेटताना एकमेकींना किती ओलांडतात यावरून पडणारी बोलणी. ए-वन शीट म्हणजे 594 बाय 841 मिलिमीटरचा पांढराशुभ्र कागद. त्यावर पहाटे तीन वाजता चहाचा थेंब पडतो. तो नेहमी शीट पूर्ण झाल्यावरच पडतो, त्यामुळे उगाच आधीपासून जपत बसू नका. दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर येतो आणि या सगळ्या रेघा एका बटणावर मिळतात. मग हाताने का काढायला लावल्या, असं विचारायचं नाही. विचारलंत तर पुन्हा काढायला लावतात.

मग मॉडेल. हा भाग सावकाश वाचा, कारण आख्ख्या कोर्समध्ये जागेचं खरं शिक्षण इथेच मिळतं, आणि तेही कॉलेजात नाही, लोकलमध्ये. सनबोर्ड, कटर, फेविक्विक आणि तीन रात्री खर्चून तुम्ही 1:50 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढं, घर उभं कराल. पाच मिलिमीटरचा सनबोर्ड या मापात जवळजवळ दहा इंची भिंत होतो. तुम्ही स्वतः राहता त्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती चार इंची आहेत आणि शेजाऱ्यांचा गजर तुम्हालाच उठवतो. ते सोडा. आता हे घर हातात धरून सकाळी आठच्या सुमाराला कल्याणहून दादरला जायचं आहे. लगेजच्या डब्यात शिरा. मासळीच्या टोपल्या आणि भाजीची पोती यांच्यामध्ये दोन फुटांची जागा कशी मिळवायची, कोणाला "काका" म्हणायचं, कोणाला "मावशी", मॉडेल डोक्यावर कधी घ्यायचं, ठाण्याला गर्दीचा लोंढा आत आला की कोणत्या बाजूला पाठ करायची, हे सगळं त्या पाऊण तासात कळतं. एखादी मावशी विचारेल, "काय गं, गणपतीचं मखर का?" तिला हो म्हणा. मखराला जागा करून देतात, बंगल्याला देत नाहीत.

मॉडेल पोचलं की ज्युरी, म्हणजे तुमचं काम तपासायला बसलेले परीक्षक. ज्युरीत कॉन्सेप्ट लागतो. समजा, ठाण्यातल्या चार माणसांच्या कुटुंबासाठी दोन बेडरूमचा फ्लॅट सजवायला दिलाय. "त्यांना कपाट कमी पडत होतं म्हणून कपाट दिलं" असं म्हणालात तर नापास. कपाट सुतारही देतो. तुम्ही म्हणायचं, "माझा कॉन्सेप्ट वडाच्या पारंब्यांचा आहे." वड नको असेल तर सुरवंट घ्या, पाण्याचा थेंब घ्या, ओरिगामी घ्या. शंख सध्या फार झालाय. क्रम मात्र नीट पाळा: आधी प्लॅन करायचा, मग फॉल्स सीलिंगला एक वळण द्यायचं, मग त्या वळणासारखं निसर्गात काय आहे ते शोधायचं आणि शीटवर ते सर्वांत आधी लावायचं. ज्युरीला वाटलं पाहिजे की तुम्ही सुरवंटापासून निघालात आणि फ्लॅटपाशी पोचलात.

ज्युरीतले सर मॉडेलभोवती एक फेरी मारतील, डोळे बारीक करतील आणि म्हणतील, "स्पेस ब्रीद होत नाहीये." घाबरू नका. हे वाक्य कोणत्याही स्पेसला लागू पडतं. मी स्वतः ज्युरीला बसतो तेव्हा जेवणाची वेळ जवळ आली की हेच म्हणतो. पुढचा प्रश्न असतो, "व्हाय?" नुसतं एवढंच. त्याला एकच उत्तर आहे, पाठ करून ठेवा: "सर, आय वॉन्टेड टु ब्रेक द मोनोटनी." कसली मोनोटनी, हे आजवर कोणत्याही ज्युरीने विचारलेलं नाही.

माणसांची मापंसुद्धा शिकवतात, नाही असं नाही. खुर्चीची बैठक 450 मिलिमीटर, टेबल 750, दार सात फूट. पण हा माणूस कोण, ते एकदा समजून घ्या. ल कॉर्बुझिए या नामवंत वास्तुकाराने 1940च्या दशकात मोड्युलॉर नावाची मापपद्धती रचली, तेव्हा तिच्यातला माणूस आधी 1.75 मीटर उंचीचा होता. पुढे तो 1.83 मीटर, म्हणजे सहा फूट झाला. कारण असं सांगतात की, इंग्रजी गुप्तहेरकथांमधले देखणे पोलीस नेहमी सहा फुटी असतात, हे एका सहकाऱ्याने सुचवलं. शास्त्र म्हणतात ते हेच. या माणसाने हात वर केला की तो 2.26 मीटरपर्यंत पोचतो. तुमच्या आजीची उंची चार फूट दहा इंच आहे आणि वरच्या कपाटातला साबुदाण्याचा डबा काढायला ती स्टुलावर चढते. यात चूक कपाटाची नाही. आजींनी गुप्तहेरकथा वाचल्या नाहीत, त्याला डिझायनर काय करणार?

स्वयंपाकघरात त्रिकोण असतो. सिंक, शेगडी आणि फ्रिज या तीन बिंदूंचा, प्रत्येक बाजू 4 ते 9 फुटांची. परीक्षेत हमखास येतो. प्रत्यक्षात आपल्याकडे फ्रिज हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी असतो, कारण स्वयंपाकघरात तो आला तर माणूस बाहेर जातो. त्यामुळे त्रिकोणाची एक बाजू सोफ्यावरून जाते. शीटवर तसं दाखवू नका. आणि तुम्हाला साधा कुकर लावता येत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. जगभरच्या आधुनिक स्वयंपाकघरांची आद्य जननी मानलं जातं ते 1926 सालचं फ्रँकफर्ट किचन: 1.9 बाय 3.4 मीटर, रेल्वेच्या डायनिंग कारवरून घेतलेली कल्पना, हालचालींचा घड्याळ लावून केलेला अभ्यास, सुमारे दहा हजार घरांत बसवलेलं. ते करणाऱ्या वास्तुकार मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की यांनी पुढे स्वतःच सांगून टाकलं की, तोवर त्यांनी ना घर चालवलं होतं ना कधी स्वयंपाक केला होता. फरक एवढाच की त्यांनी पिठासाठी ओकच्या लाकडाचा खण केला, कीड लागू नये म्हणून. तुम्ही पीठच दाखवू नका, म्हणजे किडीचा प्रश्न येत नाही.

पीठच कशाला, काहीच दाखवू नका! रेंडर नावाच्या विद्येचं सार एवढंच आहे. रेंडर म्हणजे घराचा असा फोटो, जो घर होण्याआधीच काढलेला असतो. त्यात ओट्यावर एका वाडग्यात सात हिरवी सफरचंदं ठेवावीत. गॅसचा सिलिंडर कधीही नाही. भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो, त्याला उभंच ठेवावं लागतं, कपाटात ठेवला तर हवा खेळती लागते, आणि शेजारी दुसराही असतो. एवढी मोठी, जड आणि लाल वस्तू कोणालाही दिसणार नाही अशी गायब करणं, हे तीन वर्षांच्या मेहनतीचं फळ आहे. तसंच परात, सोऱ्या, पोळ्यांचा डबा, मिक्सरची तीन भांडी, लोणच्याची बरणी, जुन्या साड्यांचं गाठोडं, पाहुण्यांच्या गाद्या आणि मुलाचा अर्धवट फुगवलेला फुटबॉल. खिडकीतून तिरपं सोनेरी ऊन आत आलं पाहिजे, मग ती खिडकी डक्टमध्ये उघडत असली तरी चालेल. खिडकीबाहेर पाइन वृक्षांचं जंगल लावा. समोरच्या विंगेतल्या काकूंचं वाळत घातलेलं बेडशीट लावलंत तर क्लायंटला घर ओळखू येईल आणि मग तो पैसे देणार नाही.

एका कोपऱ्यात बार्सिलोना चेअर हवीच. 1929 साली बार्सिलोनाच्या प्रदर्शनात, जर्मनीच्या दालनात स्पेनच्या राजा-राणीने बसावं म्हणून मीस व्हान डेर रोहे आणि लिली राइश या जर्मन डिझायनरांनी ती घडवली. डोंबिवलीतल्या दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये तिच्यावर आठवडाभराचे इस्त्रीचे कपडे बसतात. एकूण मान राखला जातो.

लोट्याचं व्याख्यान मात्र चुकवू नका. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दाम्पत्याने 1958 साली भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला, ज्यातून पुढे 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यांत थोर वाटला तो आपला साधा लोटा. त्यात पाणी किती मावावं, तो डोक्यावर नेणार की कमरेवर, धरणारे हात केवढे, रिकामा असताना तो तोलात राहतो का, भरल्यावर राहतो का, अशी प्रश्नांची लांबलचक यादी त्यांनी केली. सर भारावून हे सगळं सांगतील, प्रोजेक्टरवर लोटा झळकेल, तुमच्याही अंगावर काटा येईल. त्यानंतरच्या तासाला तुमच्या रेंडरमध्ये मोरीजवळ चुकून लोटा राहिला असेल तर तेच सर म्हणतील, "हे क्लटर काढा." दोन्ही वाक्यं वहीत उतरवून घ्या. त्यांच्यात विसंगती दिसली तर तुमची मास्टर्स करायची तयारी झाली आहे असं समजा.

शेवटच्या वर्षी कुठल्यातरी ऑफिसात इंटर्न म्हणून लागाल आणि साईटवर धाडले जाल. तिथे गुण्या नावाचं एक काटकोनी हत्यार असतं. ते भिंतीच्या कोपऱ्यात धरलं की कळतं, तुमच्या ड्रॉइंगमधला नव्वद अंशाचा कोपरा बिल्डरने कुठे ब्याण्णव, कुठे अठ्ठ्याऐंशी असा आवडीप्रमाणे दिलाय. तुम्ही मिलिमीटरमध्ये बोलाल, सुतार सुतात बोलेल. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या आसपास. तुमच्या वॉर्डरोबचं शटर दोन सूत बाहेर आलं की तो विडी विझवून म्हणेल, "मॅडम, नक्शे में बैठता है, इधर नहीं बैठेगा." मग तुमच्या देखत पटाशीने तासून बसवून दाखवेल. प्लायवरचे शिक्के वाचायला त्याच्याकडूनच शिका: आयएस 303 म्हणजे सर्वसाधारण, आयएस 710 म्हणजे मरीन, पाण्याला दाद न देणारा. कॉलेजात हे परीक्षेपुरतं कळतं. दुकानदाराने बिलावर एक आणि टेम्पोत दुसरं चढवलं की कायमचं कळतं.

प्लाय आठ बाय चार फुटांचा असतो आणि सोसायटीची लिफ्ट सात फुटांची. अकराव्या मजल्यापर्यंत चाळीस शीट जिन्याने चढवायचे हमाल वेगळे पैसे मागतील. ते एस्टिमेटमध्ये धरलेले नसतात, कारण रेंडरमध्ये जिना नसतो. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, असा नोटीसबोर्डवरचा नियम आहे. त्या दोन तासांत सेक्रेटरी झोपतात, सुतार झोपतो, आणि तुम्ही क्लायंटला फोनवर सांगत असता की काम जोरात सुरू आहे.

पदवीच्या कागदाला फार जपू नका. आपल्याकडे 1972च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय कोणाला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. 'इंटिरियर डिझायनर' म्हणवून घ्यायला असला काही अडथळा नाही. त्याच 1972 साली इंटिरियर डिझायनर्सची एक राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली, पण तिचं सभासद झालंच पाहिजे असं नाही. म्हणजे तुम्ही, सनमायकाच्या दुकानातला पोरगा आणि क्लायंटच्या बायकोचा हौशी मामेभाऊ, तिघेही एकाच पाटीखाली उभे. त्यातला मामेभाऊ थ्रीडी फुकट करून देतो.

तरीही कामं मिळतात. क्लायंट म्हणेल, "जास्त काही नको, सिंपल आणि सोबर." याचा अर्थ त्याने पंचतारांकित हॉटेलची लॉबी पाहिलेली आहे. मिनिमलिझम हवाय असं म्हणाला तर आधी त्याच्या आईला भेटा. ती फक्त एकच विचारेल, "गौरी-गणपती कुठे बसवायचे, आणि मखर वर्षभर ठेवायचं कुठे?" तुमच्या प्लॅनमध्ये त्या जागी इनडोअर प्लांट आहे. "बघू आई, लॉफ्ट करू," असं म्हणा आणि लॉफ्ट करू नका. सीलिंगची लाइन बिघडते. वास्तुवाले गुरुजी येऊन देवघर ईशान्येला हलवतील, तिथे तुमचा शू रॅक असेल. हलवा. कॉन्सेप्ट पारंब्यांचाच असल्यामुळे तो कुठेही लोंबतो.

काम संपलं की फोटोग्राफर बोलवा, आणि तो गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशीच बोलवा. सत्यनारायणाच्या पूजेला चाळीस चपला दाराशी येतात, हॉलमध्ये चौरंग आणि केळीचे खुंट येतात, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून जुन्या घरातलं लोखंडी गोदरेजचं कपाट येतं, जे देणार नाही असं आईंनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं आणि तुम्ही मान डोलावली होती. त्याआधी सफरचंदं घेऊन जा, सात. फोटो झाले की ती सुतारांना वाटून टाका.

फीचा शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता मात्र फोटोच्या दिवशीच हातात घ्या. पूजेच्या रात्री नागपूरची आत्या मुक्कामाला राहते, गाद्या कुठे आहेत असा प्रश्न निघतो, आणि त्यानंतर क्लायंट फोन उचलत नाही.